थापी हाती येईपर्यंत

सिमेंटवरचं नियंत्रण १९८२मध्ये अर्धवट उठलं आणि १९८९मध्ये पुरतं. परमिटसाठी हेलपाटे घालायचे दिवस संपले, पुण्या-मुंबईत इमारती भराभर उभ्या राहू लागल्या आणि गवंड्यांची एक अख्खी पिढी त्याच धामधुमीत घडली. तेव्हापासून आजवर गिलावा, फरशी, रंग ही शेवटच्या हाताची कामं कोण कसं शिकत आलं, हे पाहताना मी गिलाव्यापाशीच जास्त थांबणार आहे. शिकण्याची रीत कशी बदलली ते तिथे लख्ख दिसतं.

चुन्याच्या काळात घाई चालतच नसे. बैल घाणीभोवती फिरत राहायचा तेव्हा कुठे माल मळून निघायचा. सिमेंटनं घाणी मोडीत काढली, पण शिकाऊ पोराच्या पायऱ्या तशाच राहिल्या. तो बिगारी म्हणून साइटवर यायचा. वाळू चाळायची, घमेली वाहायची, भिंत भिजवायची, माल कालवायचा. आतल्या भिंतीला एकास सहा, छताला एकास चार, हे प्रमाण फावडं मारता मारताच त्याच्या अंगवळणी पडायचं. मग एखाद्या दिवशी मिस्त्री थापी हातात द्यायचा आणि बाथरूमची भिंत दाखवायचा. तिच्यावर पुढे टाइल बसणार, म्हणून गिलावा खरबरीतच ठेवायचा असतो. ओळंबा सांभाळला की झालं. तिथून पुढे जाडीच्या खुणेचे ठिय्ये मारणं, पट्टी ओढणं, रंधा फिरवणं आणि अखेरीस नीरूचा, म्हणजे बारीक चुन्याच्या लेपाचा, गुळगुळीत हात. माल ओला असेतो चुकलेली भिंत सुधारता यायची, आणि नवख्या हाताला या सवडीनंच घडवलं.

जिप्सम आलं आणि ही सवड गेली. नदीच्या वाळूवर निर्बंध आले, वाळू महागली. जिप्समला वाळू लागत नाही, सात-सात दिवस पाणीही मारावं लागत नाही, त्यामुळे बिल्डरांना ते सोयीचं वाटलं यात नवल नाही. पण कालवलेलं जिप्सम सुमारे अर्ध्या तासात आवळतं. तेवढ्यात हात फिरला नाही तर माल वाया. शिवाय काम रोजावरून चौरस फुटावर गेलं. पोराला शिकवण्यात गेलेला तास आता मिस्त्रीच्याच कमाईतून कापला जातो. ‘हल्लीच्या पोरांना शिकायलाच नको’ असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. शिकवण्याचा खर्च आपण सगळ्यांनी मिळून मिस्त्रीच्या माथी मारला आणि त्याला तो परवडेना, हे खरं कारण आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा आहे, आयटीआय त्याहून जुन्या. २०१५मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि आधीपासून अंगी असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय तिच्यात झाली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या कसबावर सरकारी शिक्का बसतो, ही मी मोठी गोष्ट मानतो. मात्र तो शिक्का ज्याला येतं त्याच्यासाठी. ज्याला अजून यायचंय, त्याला बिघडवायला भिंत हवी.

आणि या साऱ्या काळात एक गोष्ट जागची हललीच नाही. वाळू चाळणं, माल कालवणं, भिंत भिजवणं हे सगळं बायकाही करत आल्या, वर्षानुवर्षं. म्हणजे शिकण्याच्या पहिल्या पायऱ्या त्या कधीच चढल्या होत्या. थापी मात्र शेजारच्या पोराला मिळाली, त्यांच्या डोक्यावरचं घमेलं तसंच राहिलं. त्यांना जमणार नाही म्हणावं, तर अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टच्या ‘कर्मिका’ शाळेत बांधकाम मजूर बायका गवंडीकाम, टाइल बसवणं, रंगकाम शिकल्या आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक मोठ्या साइटच्या करारातच काही भिंती शिकाऊ हातांसाठी रोजंदारीवर राखून ठेवाव्यात, तिथे शिकवणाऱ्या मिस्त्रीला पूर्ण रोज मिळावा, आणि त्यातल्या निम्म्या भिंती बायकांच्या वाट्याला याव्यात.