सार्वजनिक आरोग्याचें उच्च शिक्षण कोठें घ्यावें?

आपल्या कुर्डुवाडीच्या उत्तरेस, अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड हें गांव आहे. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें ग्रामारोग्याचें कार्य आरंभिलें. तत्पूर्वीं वडाळ्याच्या मिशन इस्पितळांत काम करितांना, येणारे पुष्कळसे रोग टाळतां येण्याजोगे आहेत, असें त्यांस दिसून आलें होतें. पुढें अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत तीं उभयतां सार्वजनिक आरोग्य शिकलीं. तेथील अध्यापक डॉ. कार्ल टेलर हे हिंदुस्थानांतच जन्मलेले. पंजाबांत नारंगवाल येथें त्यांनीं खेड्यांच्या आरोग्याचें संशोधन चालविलें होतें.

तेव्हां परदेशीं जाणाऱ्या डॉक्टरनें विद्यापीठाच्या नांवलौकिकापेक्षां, शिकविणारानें खेडें पाहिलें आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. रोगप्रसारशास्त्र व संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणीं असतातच. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: केवळ या पदवीनें त्या देशांत रोगी तपासण्याचा परवाना मिळत नाहीं, त्याच्या परीक्षा निराळ्या. म्हणून कर्ज काढून जाणारानें, परत यावयाचें कीं नाहीं, हें निघण्यापूर्वींच ठरवावें. शिवाय परदेशच हवा असें थोडेंच आहे? तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनें हा अभ्यासक्रम १९९७ सालींच सुरू केला.