नाव सगळ्यात शेवटी

सकाळी ८

आजचा फोटो पोस्टकार्डाएवढा, एका घरगुती अल्बममधून सोडवलेला. डोंगरउतारावर खुरट्या झुडपांत पोटावर बसलेलं दोन इंजिनांचं विमान, कणा मोडलेला, आसपास गणवेशातली माणसं. मागे पेन्सिलीनं लिहिलंय : जर्मन टेहळणी विमान, स्कॉटलंड. बघताक्षणी मनात एक उत्तर येतं, कारण या विमानाचे फोटो पुस्तकांतून छापून आलेले आहेत. पण ते उत्तर वहीत लिहायचं नाही. नाव आधी लिहिलं की डोळे त्याच नावाची बाजू घेऊ लागतात. म्हणून क्रम ठरलेला : आधी दिसतं ते, मग जुळतं ते, नाव सगळ्यात शेवटी.

पहिला तास स्कॅनिंगचा. हातमोजे घालून प्रिंटच्या दोन्ही बाजू घेते, कडांसकट. कडा कधीच कापायच्या नाहीत. कोपऱ्यात अर्धवट आलेलं कुंपण किंवा मागची डोंगररेषा पुढे जागा ठरवायला उपयोगी पडते.

सकाळी ९.३०

आता विमानाचा आकार. सुरुवात शेपटीपासून करते, कारण पडलेल्या विमानाचं नाक बहुतेकदा चेपलेलं असतं आणि शेपूट त्या मानानं शाबूत राहते.

१९३९-४० मध्ये ब्रिटनवर येणारी दोन इंजिनांची जर्मन विमानं मुख्यतः तीन : डॉर्नियर १७, युंकर्स ८८ आणि हाइनकेल १११. डॉर्नियरला शेपटीवर दोन उभे पडदे असतात. इथे एकच आहे, डॉर्नियर बाद. युंकर्सच्या इंजिनांची तोंडं पिंपासारखी गोल दिसतात, कारण रेडिएटर इंजिनाभोवती कड्यासारखा बसवलेला असतो. हाइनकेलचा रेडिएटर इंजिनाच्या खाली येतो, त्यामुळे तिथे हनुवटीसारखा फुगवटा दिसतो. फोटोत एकच इंजिन नीट दिसतं आणि त्याला हा फुगवटा आहे. शेपटीच्या आडव्या पंखाची कड सलग लंबगोल, तीही हाइनकेलचीच खूण. वहीत पहिली ओळ : हाइनकेल १११. उपप्रकाराची जागा रिकामी ठेवते. या कोनातून तेवढं दिसत नाही.

सकाळी ११

दिवसातलं सगळ्यात नाजूक काम आता. विमानाच्या धडावरच्या काळ्या क्रॉसच्या दोन्ही बाजूंना अक्षरं असतात. स्कॅन मोठा करून उजेड-अंधाराचा फरक थोडाथोडा वाढवते. एकदम वाढवला तर कागदावरचे ओरखडेही अक्षरांसारखे दिसू लागतात.

क्रॉसच्या आधी ‘१’ आणि ‘एच’ स्पष्ट. नंतरचं अक्षर एका माणसाच्या खांद्यामागे अर्धं झाकलेलं. खालचं टोक डावीकडे वळलेलं दिसतं आणि डावीकडे वर जाणारा दुसरा दांडा नाही. म्हणजे ते ‘यू’ नव्हे, ‘जे’. शेवटी ‘ए’.

एमएच-१२ वाचून आपण गाडी पुण्याची म्हणतो, तशी ही पाटी वाचता येते. पहिली दोन चिन्हं दलाची : ‘१ एच’ म्हणजे बॉम्बफेकी दल केजी २६, ज्याच्या बोधचिन्हावर सिंह होता. तिसरं अक्षर त्या एका विमानाचं. चौथं तुकडीचं, आणि ‘ए’ म्हणजे दलाच्या मुख्यालयाची तुकडी.

अक्षराच्या रंगाबद्दल मात्र काही लिहीत नाही. तुकडीनुसार रंग बदलत हे खरं, पण त्या काळच्या कित्येक फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल काळा पडे आणि निळा फिकट होई. कृष्णधवल प्रिंटवरून रंग सांगणं म्हणजे अंदाज पुरावा म्हणून खपवणं.

दुपारी १

जेवतानाही एकच विचार. केजी २६ हे बॉम्बफेकी दल. मग पेन्सिलीत ‘टेहळणी विमान’ का? लिहिणाऱ्यानं चूक केली असं म्हणून ते खोडायची घाई नको. जर्मन हवाईदलात टेहळणीची वेगळी दलं होती. विमानावर ‘एफ ६’ असेल तर ते १२२ क्रमांकाच्या टेहळणी दलाचं, ‘४ यू’ असेल तर १२३ चं. पण बॉम्बफेकी दलांची विमानंही पाहणीसाठी पाठवली जात. विमानाची जात आणि त्याची त्या दिवशीची कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फोटोत दिसते, दुसरी फक्त कागदपत्रांत सापडते.

दुपारी २.३०

आता कागद. ब्रिटिश बाजूच्या स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जर्मन बाजूला हवाईदलाच्या पुरवठा विभागानं ठेवलेल्या हानीच्या याद्या : दल, विमान, माणसं आणि नुकसानीची टक्केवारी. शंभर टक्के म्हणजे विमान कायमचं गेलं. दोन्ही बाजूंचे कागद एकाच दिवशी एकाच जागी भेटले तरच जुळणी मान्य.

इथे ते भेटतात. २८ ऑक्टोबर १९३९, शनिवार. हंबी गावाजवळ, एडिनबराच्या आग्नेयेला लॅमरमूर टेकड्यांच्या कडेला. विमान टेहळणीवर आलं होतं. बाराच दिवसांपूर्वी, १६ ऑक्टोबरला, जर्मन विमानांनी फोर्थच्या खाडीतल्या युद्धनौकांवर हल्ला केला होता. या किनाऱ्यावर त्यांची नजर होतीच. ६०२ आणि ६०३ या दोन स्क्वाड्रनांच्या स्पिटफायरनी त्याला गाठलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पाडलं गेलेलं हे पहिलं शत्रुविमान.

श्रेयाच्या रकान्यात ६०२ च्या आर्ची मॅकेलरचं नाव पुष्कळदा एकट्यानं लिहिलं जातं. मारा दोन्ही स्क्वाड्रनांनी केला होता, म्हणून मी दोन्ही लिहिते.

दुपारी ४.३०

गाडी काढून हंबीकडे. पारदर्शक कागदावर फोटोतल्या दोनच रेषा उतरवून घेतल्यात : मागची डोंगरधार आणि तिच्या पुढचा उतार. कागद डोळ्यांसमोर धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकत राहायचं. दूरची रेषा पुष्कळ ठिकाणांहून जुळते. जवळची आणि दूरची दोन्ही एकत्र जुळतात अशी जागा मात्र एखादीच असते. झाडं वाढतात, तुटतात, कुंपणं हलतात, डोंगर हलत नाही. ती जागा सापडली की तिथून आजचा फोटो घेते, तोही कडांसकट.

जमिनीत काहीही उकरत नाही. लष्करी विमानांच्या अवशेषांना १९८६ च्या कायद्यानं संरक्षण आहे आणि खोदायला परवाना लागतो. तो कायदा मला मनापासून पटतो. अशा जागी माणसं मेलेली असतात.

संध्याकाळी ७

नोंदीचे दोन रकाने करते. ‘फोटोवरून’ खाली : हाइनकेल १११, अक्षरं, दल, तुकडी, डोंगररेषा. ‘कागदांवरून’ खाली : तारीख, कामगिरी, स्क्वाड्रन. रकाने एकत्र करायचे नाहीत, कारण उद्या एखादा कागद खोटा ठरला तर फोटोनं सांगितलेलं त्याच्याबरोबर वाहून जाता कामा नये. पेन्सिलीतल्या ओळीपुढे लिहिते : बरोबर.

तिसरा भाग माणसांचा, आणि तो भरल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. विमानात चौघं होते. कुर्ट लेमकूल आणि रोल्फ नीहोफ जिवंत हाती लागले. ब्रुनो राइमान आणि गॉटलीब कोवाल्के हे दोन गनर मारले गेले. अशा प्रिंटांवर बहुतेकदा ‘पडलेलं जर्मन विमान’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि वर्षं जातात तसं आतल्या माणसांचं कुणाला काही ठाऊक राहत नाही. अर्ध्या झाकलेल्या एका अक्षरावर एवढा वेळ घालवते तो यासाठीच : ते अक्षर चुकलं तर विमान दुसरं होतं, आणि मेलेल्यांच्या जागी भलत्याच माणसांची नावं लागतात.