पात्रविचार : घरच्या ॲक्वापोनिक्समधील ब्राह्मी आणि प्लास्टिकची पिंपे

पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरस ही सर्वांत गुरू कल्पना होय. ती ताज्या द्रव्यावाचून सिद्ध होत नाही, आणि शहरात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास ताजे द्रव्य मिळणे दिवसेंदिवस दुर्घट होत आहे. बाजारातील जुडीत जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांची सरमिसळ तर नित्याचीच. म्हणून गच्चीवर वा अंगणात स्वतःच ब्राह्मी, मंडूकपर्णी, तुळस लावण्याकडे वैद्यांचा कल होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी ॲक्वापोनिक्स ही पद्धती सोयीची ठरते. तीत एका टाकीत मासे असतात. त्यांच्या उत्सर्गातील अमोनियाचे सूक्ष्म जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ते पाणी खडी भरलेल्या वाफ्यातून फिरते, वनस्पती त्यातील पोषण घेतात आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे परतते. माती लागत नाही व पाणीही थोडेच लागते. जलब्राह्मी ही मूळचीच पाणथळ जागेतील असल्याने अशा वाफ्यात उत्तम पसरते.

या मांडणीत टाकी, वाफे व नळ्या बहुधा प्लास्टिकच्या असतात. त्यांची निवड किंमत पाहून होते, भंगाराच्या दुकानातून होते. वैद्याने मात्र ही निवड औषधिनिर्माणाचाच भाग मानली पाहिजे, असे आमचे मत आहे.

शास्त्राची दृष्टी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात द्रव्यावर संस्कार करणाऱ्या गोष्टींमध्ये जल, अग्नी, काल यांच्याबरोबर भाजनाचीही, म्हणजे पात्राचीही गणना केली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तूप लोखंडी पात्रात, पेया रुप्याच्या पात्रात, तर फळे पानांवर द्यावीत असे सांगितले आहे. पात्राचे गुण आतील द्रव्यात उतरतात, हाच या विधानांचा आशय. प्लास्टिक त्या काळी नव्हते. परंतु हा नियम त्यालाही लागू आहे.

ब्राह्मीच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो. जलब्राह्मी शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यातून शोषून अंगात साठविते, हे संशोधनातून दिसून आले आहे. त्यातच नायट्रेट बनण्याच्या क्रियेमुळे या पाण्याचा सामू हळूहळू उतरत जातो, आणि आम्ल पाण्यात धातू अधिक सहज विरघळतात. पात्रातून सुटलेले शिसे पाण्यात, तेथून पानात आणि पानातून स्वरसात येऊ शकते. शिशाचा सर्वाधिक आघात बालकांच्या मेंदूवर होतो. ज्या बालकास आपण मेध्य म्हणून स्वरस देतो, त्याच्या मेधेचाच घात त्यातून संभवतो.

तळाचा आकडा

पात्राच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. ही पद्धती अमेरिकेत १९८८ साली कचऱ्यातील प्लास्टिक वेगळे करण्याच्या सोयीसाठी सुरू झाली. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो. ते निर्धोक असल्याची हमी देत नाही.

आमच्या मते २, म्हणजे उच्च घनतेचे पॉलिथिन, आणि ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ही दोन प्लास्टिके प्रथम पसंतीची. १ क्रमांकाच्या बाटल्या अल्पकाळाच्या उपयोगासाठी असतात. उन्हात वर्षानुवर्षे पाणी साठविण्यासाठी त्या नाहीत. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ज्यात थर्मोकोलही येते. ही दोन्ही शक्यतो टाळावीत. ७ मध्ये इतर सर्व प्लास्टिके येतात. पाण्याच्या २० लिटरच्या अनेक पारदर्शक जारांचे पॉलिकार्बोनेट त्यातलेच. त्यातून बिस्फेनॉल ए सुटू शकते.

खाद्यपदार्थ, औषधे व पिण्याचे पाणी यांच्या संपर्कातील पॉलिथिनसाठी आयएस १०१४६, आणि पाणी साठविण्याच्या पॉलिथिन टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या वेळी हा उल्लेख पाहावा. पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचे रंगीत टब स्वस्त असतात. पण त्यांचा मूळ माल कोणता, हे विक्रेताही सांगू शकत नाही. जुन्या लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या रंगांत कॅडमियम व शिशाची संयुगे वापरली जात, हे येथे ध्यानात घ्यावे.

पिंपाचा पूर्वेतिहास

रुग्णाप्रमाणे पिंपाचाही पूर्वेतिहास विचारावा. भंगारात मिळणारे २०० लिटरचे निळे पिंप उत्तम पॉलिथिनचे असले, तरी त्यात पूर्वी काय होते हे कळल्याशिवाय ते घेऊ नये. तेलकट द्रव्ये, द्रावके व कीटकनाशके पिंपाच्या भिंतीत मुरतात. वरवर धुऊन ती जात नाहीत. कीटकनाशक नियम, १९७१ यांमध्ये रिकाम्या वेष्टनांचा पुनर्वापर होऊ नये म्हणून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे, ते याच कारणाने. पूर्वी काकवी, सरबत वा लोणचे भरलेले, मूळ लेबल शाबूत असलेले पिंप चालेल. लेबल खरवडून काढलेले पिंप फुकट मिळाले तरी नाकारावे.

नळ्या, ऊन आणि धातू

पीव्हीसी पाईपमध्ये स्थिरकारक म्हणून शिशाची संयुगे घालीत असत. त्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये अधिसूचित केले. त्यामुळे जुने, काढून ठेवलेले पाईप मुळीच वापरू नयेत. शक्यतो पॉलिथिनचीच नळी घ्यावी.

उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, त्यावर पांढरट भुकटी येते व बारीक तुकडे पाण्यात पडतात. असे पात्र तत्काळ बदलावे. प्रकाश आत शिरल्यास शेवाळ माजते, म्हणून पात्र अपारदर्शक असावे. काळी टाकी उन्हास टिकते. मात्र आपल्याकडील वैशाखात ती तापते, म्हणून सावलीत ठेवावी किंवा तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

प्लास्टिक नको म्हणून तांब्याचे पात्र वापरण्याचा विचार आपणा वैद्यांच्या मनात सहज येईल. परंतु पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषासमान आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचेही तसेच.

पात्रपरीक्षा

१. नवे वा जुने पात्र सौम्य साबणाने व पुष्कळ पाण्याने धुवावे.
२. पाण्याने भरून, झाकून, सात दिवस उन्हात ठेवावे.
३. झाकण काढताच वास घ्यावा. उग्र वास, पृष्ठभागावर तवंग वा फेस आढळल्यास पात्र बाद करावे.
४. पाणी बदलून प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत व काही आठवडे त्यांचे निरीक्षण करावे. मासे जगले म्हणजे शिसे नाही असे मात्र सिद्ध होत नाही.
५. औषधासाठी वापरण्यापूर्वी पानांची जड धातूंसाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

पात्रासंबंधी शंका असेल, तर त्यात शोभेची झाडे लावावीत, औषधी नव्हे. माशांवर रासायनिक औषधोपचार केल्यास त्या वाफ्यातील वनस्पती चिकित्सेसाठी घेऊ नये. स्वरस कच्चाच दिला जातो; त्यामुळे माशांचे पाणी पानांवर उडू न देणे व पाने पिण्याच्या पाण्याने धुणे हेही आवश्यकच.

भूमी, काल व प्रशस्त द्रव्य यांची परीक्षा करूनच औषधी ग्रहण करावी, असा आपल्या आचार्यांचा दंडक आहे. जेथे भूमीची जागा पिंपाने घेतली, तेथे भूमिपरीक्षेची जागा पात्रपरीक्षेने घ्यावी, इतकेच आमचे वैद्यबंधुभगिनींना सांगणे आहे.