अशिलाची पिशवी

माझी सगळी वकिली धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, भाडेकरूंचे दावे लढवण्यात गेली. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतली माणसं हेच माझे अशील. नवा ज्युनिअर आला की त्याने मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांत, किती बक्षिसं मिळवली हे मी विचारत नाही. समोर एक माणूस बसवते आणि सांगते, "यांचं नेमकं काय झालंय ते समजून घे." बहुतेक मुलं इथेच अडतात, आणि दोष त्यांचा नसतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा सक्तीचा पेपर आहे, १०० गुणांचा. त्यात अशिलाच्या मुलाखतीसाठी काय? विद्यार्थ्याने वकिलाच्या किंवा कायदेविषयक मदतीच्या कार्यालयात दोन मुलाखती बघायच्या आणि वहीत नोंदवायच्या. त्याचे गुण १५. बघायच्या, घ्यायच्या नाहीत. सनद मिळण्याआधी वर्षभर उमेदवारी करावी असा नियम कौन्सिलने १९९५ मध्ये केला होता, पण तसा अधिकारच कौन्सिलला नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये तो रद्द केला. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली, तीही १०० बहुपर्यायी प्रश्नांची. पर्यायावर खूण करता आली म्हणून समोर रडणाऱ्या बाईशी बोलता येतं असं नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर परीक्षेत समोर अशील म्हणून एक माणूस बसवतात. २५ मिनिटं त्याच्याशी बोलायचं, मग २५ मिनिटांत हाताने टिपण लिहायचं. मुलाखतीचे गुण देतो तो अशील झालेला माणूसच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वकिलाला कायदा किती येतो हे न्यायाधीश ओळखतील, पण आपलं म्हणणं त्याने ऐकलं की नाही हे अशिलालाच कळतं.

ज्युनिअरांसाठी आम्हीही दर शनिवारी मुलाखतीचा असा सराव घेतो. त्यात अशील होतात शेजारच्या चाळीतल्या एक निवृत्त शिक्षिका. त्या लालबागच्या विधवा काकू बनतात. हातात कापडी पिशवी. तिच्यात भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइट बिलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि घरमालकाच्या वकिलाची नोटीस. सोबत बडबड्या पुतण्या. विचारलं काकूंना की उत्तर देणार पुतण्या. म्हणून पहिला धडा असा, की पुतण्याला आदराने बाहेर बसवायचं, आणि तुम्ही वकिलाला सांगितलेलं वकील बाहेर फोडू शकत नाही, कायद्यानेच तसं बांधलंय, हे काकूंना सांगायचं.

एका ज्युनिअर मुलीने परवा सुरुवात केली ती अशी: "खोली कोणाच्या नावावर? नोटीस कधी आली? खोली बंद होती का, हो की नाही?"

काकू म्हणाल्या, "नाही."

मी तिथेच थांबवलं. सुधारण्याची आमची रीत ऑस्ट्रेलियातले माजी न्यायाधीश जॉर्ज हॅम्पेल यांच्या नावाने ओळखली जाते. एका वेळी एकच मुद्दा घ्यायचा. ज्युनिअरचे शब्द त्याला जसेच्या तसे वाचून दाखवायचे. काय बिघडलं, का बिघडलं, कसं सुधारायचं ते सांगायचं, स्वतः करून दाखवायचं आणि त्याच्याकडून पुन्हा करवून घ्यायचं. "छान झालं, पण आत्मविश्वास हवा" असल्या शेऱ्यांतून कोणी काही शिकत नाही. इथे मुद्दा हा, की 'हो की नाही' असे प्रश्न उलटतपासणीत विरोधी साक्षीदारासाठी असतात. मुलं सिनेमात उलटतपासणी बघून येतात आणि ती आपल्याच अशिलाची घेतात.

दुसऱ्या खेपेला तिने विचारलं, "काकू, काका गेल्यापासून आजवर तुमचे दिवस कसे गेले?" आणि गप्प राहिली. मग बाहेर आलं. काकू पडल्या, केईएममध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, लेक विरारला घेऊन गेली. खोलीला आठ महिने कुलूप. ते सांगितलं तर खोली जाईल या भीतीने त्या 'नाही' म्हणाल्या होत्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या सोळाव्या कलमात, दाव्याआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नाही तर ताबा मागता येतो. पहिल्या उत्तरावर विसंबून 'खोली कधीच बंद नव्हती' अशी कैफियत दिली असती, तर शून्य युनिटची लाइट बिलं पुढे करून समोरच्या वकिलाने काकूंना खोटं पाडलं असतं. 'वाजवी कारण' मात्र केईएमच्या डिस्चार्ज कार्डात आहे, आणि ते कार्ड पिशवीत नाही, कारण आजारपणाचा खोलीशी काय संबंध असं काकूंना वाटलं.

लालबाग-परळला असं ऐकणारे वकील ठाऊक आहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कार्यालयात गोरगरीब गाऱ्हाणी घेऊन येत. तेच बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चाळीतली गाऱ्हाणी ऐकणारा माणूस वर्गात कायदा शिकवतो, ही सांगड आज प्रत्येक विधी महाविद्यालयाने घालावी असं मला मनापासून वाटतं.

मुलाखतीचं टिपण त्याच दिवशी, मराठीत, अशिलाच्या शब्दांत लिहायचं आणि वकीलपत्रावर सही घेण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं, हा आमचा पक्का नियम. एक तपशील मी मुद्दाम या वाचनासाठी राखून ठेवते. मुलगी 'आठ महिने कुलूप' पर्यंत आली आणि काकूंनी हात वर केला: "अगं, मध्ये गणपतीत पाच दिवस येऊन राहिले होते की मी."

तेवढ्या पाच दिवसांवर दावा जिंकता येईलच असं नाही. पण कलमात 'सलग' हा शब्द आहे, आणि तो मुलीच्या ध्यानात होता. टिपण बाजूला ठेवून तिने विचारलं, "तेव्हा घरी दर्शनाला कोण कोण आलं होतं, काकू?" आणि वहीच्या नव्या पानावर साक्षीदारांची नावं लिहायला घेतली.