समुद्राची वाटणी

शेताला बांध असतो. बांध कोरला की भांडण होते, तलाठी येतात, सातबारा काढतात. समुद्राला बांधही नाही अन् सातबाराही नाही. मग बंदरावर होडीवाले आणि ट्रॉलरवाले भांडतात ते कशावरून?

मित्रांनो, समुद्रालाही हद्दी आहेत, पण त्या नकाशावर. आपल्या देशाने त्यासाठी १९७६ साली कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा भारताचा प्रादेशिक समुद्र. तिथल्या मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत मासळीवर आणि तळाच्या तेलावर आपल्याच देशाचा हक्क, पण तिथे नियम केंद्र सरकारचे. मासळीला मात्र यातले काही ठाऊक नसते! ती आत-बाहेर फिरते. बाहेर कोणी जास्त ओढली की आत कमी येते.

महाराष्ट्राचा मासेमारीचा कायदा १९८१ चा. काठाजवळचे पाणी लहान होडीवाल्यांसाठी राखलेले आहे. कुठे ५ वाव, तर कुठे १० वाव खोलीच्या आत ट्रॉलरने यायचे नाही. (एक वाव म्हणजे सहा फूट. मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले की साधारण तेवढे होते. घरी मोजून बघा.) ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. मोठी बोट खोल पाण्यात जाऊ शकते. रापण मात्र काठावर उभे राहूनच ओढावी लागते, ती जाणार कुठे? जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, कारण तेव्हा बरीच मासळी अंडी घालते आणि दर्याही खवळलेला असतो. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली आणखी बंधने आली. नियम चांगले आहेत. पण आपला किनारा ७०० किलोमीटरहून लांब. काळोखात पाण्यावर वाव मोजायला कोण जातो?

शिवाय समुद्र आता एकट्या मासळीचा राहिला नाही. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले. त्या तेलविहिरींच्या फलाटांपासून ५०० मीटर दूर राहावे लागते. मालवणला १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९ चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य झाले. प्रवाळ वाचावे हा हेतू चांगलाच, पण आपली रोजीरोटी जाईल म्हणून तिथल्या मच्छिमारांनी विरोध केला. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली, तिथेही तीच काळजी.

म्हणून जहाजांची वाट, तेल, बंदर, प्रवाळ आणि मासेमारी हे सगळे एकाच नकाशावर मांडून मगच जागा ठरवायची, अशी पद्धत निघाली आहे. तिला सागरी क्षेत्र नियोजन म्हणतात. भारताने २०१९ साली नॉर्वेशी करार केला आणि त्यातून पुद्दुचेरी व लक्षद्वीप येथे हे काम हाती घेतले.

यात खरी अडचण होडीवाल्याची आहे. तेलाचा फलाट एका जागी उभा असतो, बंदराचे कागद असतात. होडीवाल्याची जागा नारळी पुनवेला एकीकडे, तर शिमग्याला दुसरीकडे. ती कुठल्याच दप्तरात लिहिलेली नाही, त्याच्या डोक्यात आहे. नकाशा काढणाऱ्याने बंदरावर येऊन त्याला विचारले तरच ती कागदावर येईल. नाहीतर तिथे नुसते निळे पाणी दिसेल, आणि निळे पाणी म्हणजे रिकामी जागा असे कोणालाही वाटेल.

(इयत्ता सातवी)