बियांपासून निवडुंग : दमट हवेतली पहिली पेरणी

निवडुंग म्हणजे पाण्याविना तगणारे झाड, असे आपण शाळेपासून ऐकतो. म्हणून बी पेरले तरी त्याला तोच नियम लावतो. पहिल्या खेपेला मीही तेच केले. साठ बिया पेरल्या, पंधरवड्यात चाळीसेक उगवल्या, आणि ‘निवडुंगच आहे, आता कोरडे ठेवू’ म्हणून झाकण काढून कुंडी गच्चीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी एकही रोप उरले नव्हते. चूक कोठे झाली हे कळायला वनस्पतिशास्त्राच्या आधी थोडी भूमिती लागते.

गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. निवडुंग पाणी साठवतो घनफळात आणि गमावतो पृष्ठभागातून. १०० मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या निवडुंगासाठी हे गुणोत्तर ०.०६ येते. नुकत्याच उगवलेल्या २ मिलिमीटरच्या रोपासाठी ते ३ येते, म्हणजे पन्नासपट. शिवाय कोवळ्या रोपाची साल पातळ असते आणि मुळे जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे निवडुंगाचे पिल्लू हे निवडुंगासारखे वागतच नाही. वाळवंटातही ते उघड्यावर वाढत नाही. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो पुढे दहा मीटरच्या वर जातो, पण त्याची रोपे मोठ्या झाडाझुडपांच्या सावलीत जगतात आणि पहिल्या ८ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच होतात.

पुढे जाण्याआधी नावाचा एक घोळ सोडवू. मराठीत आपण त्रिधारी निवडुंग म्हणतो तो निवडुंगाच्या कुळातला नाही, तो युफोर्बिया. खरवडला की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र खरा. तमिळमध्येही हीच गंमत आहे : फड्या निवडुंगाला शप्पात्तिक्कळ्ळि, म्हणजे चपातीसारखा कळ्ळि म्हणतात, आणि कळ्ळि हा शब्द युफोर्बियालाही चालतो. खऱ्या निवडुंगाची खूण अशी की काटे लवदार छोट्या गादीतून निघतात. बियांच्या पाकिटावर फक्त ‘निवडुंग’ किंवा ‘कॅक्टस’ लिहिले असेल तर घेऊ नका; शास्त्रीय नाव पाहा.

हे टिपण कुंभकोणमहून लिहीत आहे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले हे गाव. माती गाळाची, बारीक, भातासाठी उत्तम आणि निवडुंगासाठी वाईट. पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. बहुतेक बियांना २० ते ३० अंश तापमान मानवते. मे महिन्यात ते मिळत नाही आणि पावसाळ्यात उजेड कमी. म्हणून इथे पेरणी जानेवारी-फेब्रुवारीत. पुण्या-नाशिककडच्यांनी रात्रीची थंडी ओसरेपर्यंत थांबावे. तिथे फेब्रुवारीअखेर बरी.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते मिश्रणाकडे. कणांमधली पोकळी जितकी बारीक तितके केशाकर्षणाने पाणी वर धरले जाते. कुंडीतून पाणी निथळले तरी तळाशी एक ओला थर राहतोच, आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, कणांच्या आकारावर ठरते. म्हणून उथळ बशीत सगळेच ओले राहते. तळाला खडे घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने हा ओला थर फक्त वर सरकतो. कुंडी ६-७ सेंटिमीटर खोल घ्या आणि कण १ ते २ मिलिमीटरचे. तुमच्या कॉलेजात स्थापत्य विभाग असेल तर मृदा प्रयोगशाळेत २.३६ आणि १.१८ मिलिमीटरच्या चाळण्या असतात. पहिलीतून पडते आणि दुसरीवर उरते ते आपले. जाड वाळू किंवा विटेचा चुरा तीन भाग, धुतलेले कोकोपीट एक भाग. एम-सँड वापरली तर भुकटी जाईपर्यंत धुवा. शेणखत नको. इथे घरोघरी फिल्टर कॉफीचा चोथा निघतो, तोही ‘सेंद्रिय खत’ म्हणून घालू नका. बुरशीला ती मेजवानीच.

मिश्रण ओले करून इडलीपात्रात अर्धा तास वाफवा आणि झाकूनच गार होऊ द्या. कुंडी धुतलेली असावी. बियांवर फळाचा गर चिकटलेला राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते.

पहिल्या प्रयोगासाठी महाग बी घेऊच नका. बाजारातून एक ड्रॅगन फ्रूट आणा. तेही निवडुंगाचेच फळ आहे. सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या तालुक्यांत आता त्याच्या बागा आहेत. चमचाभर गर सुती कापडात घेऊन पाण्याखाली चोळा, काळ्या बिया कागदावर वाळवा. आठवडाभरात उगवतात. नंतर ॲस्ट्रोफायटम किंवा जिम्नोकॅलिशियम घ्या. ॲस्ट्रोफायटमचे बी मोठे, हाताळायला सोपे, आणि ताजे असेल तर तीन-चार दिवसांत फुटते. फड्या निवडुंगाचे बी टणक कवचाचे, महिनोन्‌महिने थांबवणारे, पॅरोडियाचे धुळीसारखे. ही दोन्ही नवख्याने टाळावीत.

बिया पृष्ठभागावर टाका, मातीने झाकू नका. बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. उकळून गार केलेले पाणी बशीत ओतून कुंडी त्यात ठेवा, वरचा थर ओला झाला की बाहेर काढा. मग झिपच्या पिशवीत बंद करून उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण थेट उन्हात कधीही नाही. बंद पिशवी उन्हात हरितगृहासारखी तापते आणि रोपे अक्षरशः शिजतात.

आता दुसरे मरण. कोवळे रोप बुडाशी काचेसारखे पारदर्शक होते आणि आडवे पडते. भाजीच्या रोपवाटिकेत याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया यांसारख्या रोगकारकांचे हे काम. पडलेले रोप भोवतीच्या मातीसकट लगेच काढा, पिशवी थोडी उघडा. रोज डोकावण्यासाठी पिशवी उघडण्याचा मोह आवरा, कारण प्रत्येक वेळी हवेतले बीजाणू आत जातात.

उघडण्याची वेळ हाच खरा प्रश्न. संपृक्त हवेत रोपाला पाणी गमवावेच लागत नाही, त्यामुळे साल जाड होत नाही. पहिले काटे दिसले, रोप मटारच्या दाण्याच्या निम्मे झाले, की पिशवीला दोन भोके पाडा. आठवड्याने आणखी चार. कोरड्या हवेच्या गावी याला महिना द्यावा. इथली हवा मुळातच दमट, त्यामुळे पंधरवडा पुरतो. आणि फार उशीर केला तर शेवाळ रोपांवर चढते. माझी पहिली कुंडी झाकण काढल्यामुळे नव्हे, तर एकाच दिवसात झाकण काढून, पाणी तोडून, वर ऊनही दाखवल्यामुळे गेली.

किनारी प्रदेशात आणखी एक अडचण असते, ती गरम रात्रींची. निवडुंग पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो. वाळवंटात रात्र थंड असते. इथे उन्हाळी रात्र तापलेली राहिली की श्वसनातच बरीच कमाई खर्च होते. एप्रिल-मेमध्ये रोपे थबकलेली दिसली तर पाणी वाढवून उपयोग नाही. सावली द्या, वारा द्या, वाट पाहा.

बी कोठून घ्यायचे, हेही महत्त्वाचे. ‘निळ्या’ आणि ‘इंद्रधनुषी’ निवडुंगाच्या बियांची ऑनलाइन चित्रे रंगवलेली असतात. जवळपास सगळे निवडुंग सायटिस करारात येतात, आणि मेक्सिकोतून निघणाऱ्या निवडुंगाच्या बियांनाही त्याचे नियम लागू आहेत. परदेशातून पाकिटात बी मागवले तर भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे कागदपत्रे लागतात. ती नसलेले स्वस्त पाकीट मागवू नका. जंगलातून उपटलेल्या रोपांचा व्यापार काही जातींच्या मुळावर उठला आहे. देशातल्या छंदिष्टांकडे कुंडीतल्या झाडांचेच बी मिळते, आणि ते ताजेही असते.

वर्षभराने रोपे एकमेकांना टेकली की वेगळी करा. मुळे दुखावली असतील तर चार दिवस कोरडी ठेवून मगच पाणी. आता ‘कमी पाणी’ हा नियम लागू होतो. रेबुशिया दोन-तीन वर्षांत फुलतो, काही मॅमिलेरिया तीन-चार वर्षांत. म्हणजे पहिल्या सत्रात पेरलेले बी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पापर्यंत कळीवर येऊ शकते. फक्त सुट्टीत घरी जाताना कुंडी खोलीत कोंडून ठेवू नका.