उरलेले, सुकलेले, नासलेले

नागपूरच्या मे महिन्यातली एक नेहमीची गोष्ट. रात्री भात थोडा जास्त झाला. गंजावर झाकण ठेवून तो ओट्यावरच राहिला. सकाळी 'वाया कशाला घालवायचा' म्हणून त्याला फोडणी दिली आणि घरातल्या कोणीतरी, बहुधा आईने, तो खाल्ला. त्याच सकाळी फ्रिजच्या तळाशी सांबाराची (म्हणजे आपल्या विदर्भाबाहेरच्या कोथिंबिरीची) काळी पडलेली जुडी सापडली. ती मुकाट्याने कचऱ्यात गेली.

पानात टाकू नये, अन्न वाया घालवू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. पण वरच्या दोन्ही गोष्टी अशा घरात घडतात, जिथे हे सगळ्यांना पाठ असते. म्हणजे उपदेश कमी पडत नाही. कारणांची माहिती कमी पडते. भात आणि सांबार या दोन्हींचे बिघडण्याचे शास्त्र वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळे आहेत.

किती वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतले होते. भारतातल्या घरांसाठी या अहवालातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. पाच जणांच्या कुटुंबाला हा हिशेब लावला तर दिवसाला सुमारे ७५० ग्रॅम होतात.

हा आकडा वर्गात सांगताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, यात साली, कोयी, हाडे असा न खाण्याचा भागही धरलेला आहे. दुसरी, ही सरासरी आहे. हातावर पोट असलेल्या घरातले आणि भरल्या घरातले वाया जाणे सारखे नसते. म्हणून खरा प्रश्न 'देशात किती?' हा नसून 'आपल्याकडे काय आणि कशामुळे?' हा आहे.

सुकलेले

तोडलेली भाजी मेलेली नसते. तिच्या पेशींचे श्वसन चालू असते, साठवलेली साखर खर्च होत असते आणि पानांतून पाणी बाहेर पडत असते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. पालकाच्या पानात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यातला थोडासा भाग गेला तरी पाने माना टाकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडीठाक, अशा वेळी सकाळी बाजारातून आणलेली जुडी संध्याकाळपर्यंत टिकली नाही तर नवल नाही.

पण हीच कोरडी हवा आपल्या कामीही येते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. नागपूरच्या घराघरांतला कूलर आणि माठ याच तत्त्वावर चालतात. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळल्यावर तो सुमारे २४ अंश दाखवतो. वर्गात दोन तापमापक घेऊन हा फरक सहज दाखवता येईल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात याच तत्त्वावर विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार झाला: विटांच्या दोन भिंती आणि मधल्या पोकळीत ओली वाळू. घरी टोपलीवर ओले फडके टाकून ती सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवली तरी भाजी कितीतरी अधिक वेळ ताजी राहते.

येथे दोन पथ्ये आहेत. फडके ओले असावे, पाने नव्हेत; ओल्या पानांची बंद पिशवी म्हणजे कुजण्याला निमंत्रण. आणि हा उपाय पावसाळ्यात चालत नाही. हवेतच बाष्प भरपूर असले की बाष्पीभवन मंदावते. त्या दिवसांत भाजी थोडी आणि वारंवार आणणे हाच उपाय.

नासलेले

फळांचे गणित आणखी वेगळे. केळी, आंबा, टोमॅटो ही फळे तोडल्यावरही पिकत राहतात. पिकताना त्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि तो शेजारच्या फळांनाही पिकवतो. शिवाय पालेभाज्या या वायूने लवकर पिवळ्या पडतात. म्हणून पिकती केळी आणि सांबार एका टोपलीत ठेवू नये.

आपले संत्रे मात्र झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. जसे आले तसेच राहते. त्याचा शत्रू बुरशी. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते. तिला खरचटले की हिरवी-निळी बुरशी आत शिरते आणि तिचे लाखो बीजाणू शेजारच्या फळांवर उडतात. एक नासका आंबा सारी आढी नासवतो, या म्हणीत हेच निरीक्षण आहे. आंबिया बहाराची संत्री असोत की मृगाची, घरी आणल्याबरोबर ती निवडावीत. दबलेली, खरचटलेली आधी खावीत, बुरशी लागलेली लगेच बाजूला काढावीत. पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली तर आठवड्याने निम्मी फेकण्याची पाळी येते.

उरलेले

आता भाताकडे वळू. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू शिजवल्याने मरतात असे नाही. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढू लागतात. अनुकूल स्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू घेतला, तर एकाचे आठ तासांत सुमारे १ कोटी ६८ लाख होतात. हा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघराचे तापमान रात्रीही ३० अंशांच्या खाली क्वचितच उतरते. याहून महत्त्वाचे म्हणजे, या जिवाणूचे उलट्या घडवणारे विष कुकरमधल्या १२० अंशांनाही दाद देत नाही. फोडणीने चव येते, विष जात नाही.

याचा अर्थ फोडणीचा भात खाऊ नये असा नव्हे. तो रात्र कुठे आणि कशी काढतो, हे महत्त्वाचे. उरलेला भात खोल गंजात ठेवला तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. तोच परातीत पसरला तर लवकर निवतो. उन्हाळ्यात तासाभरात आणि एरवी दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी चांगला गरम करून संपवला पाहिजे. ज्या घरी फ्रिज नाही, तेथे मे महिन्यात रात्री भात मोजूनच शिजवावा. साधारण एक वाटी तांदळाचा तीन वाट्या भात होतो, हे माप ओट्याजवळ लिहून ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. पोळीचे तसे नाही. तिच्यात पाणी कमी असते, म्हणून सकाळी तिचा कुस्करा करायला सहसा हरकत नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात आईने खाल्ला, तर त्याला आपण काटकसर म्हणतो. खरे तर धोका कचऱ्याच्या डब्यातून उचलून तिच्या पानात वाढलेला असतो. आम्हीही हे अनेक वर्षे आमच्या घरी पाहत आलो आणि त्याचे कौतुकच केले. उरलेले सुरक्षित असेल तर ते सर्वांनी वाटून खावे. नसेल तर कोणीच खाऊ नये.

वर्गासाठी प्रयोग

एक आठवडा प्रत्येक विद्यार्थ्याने घरी चार रकान्यांची वही ठेवावी: न खाण्याचा भाग, शिजवण्याआधीच सुकलेले किंवा नासलेले, शिजवून उरलेले व टाकलेले, आणि पानात टाकलेले. वजनकाटा नसेल तर वाटीने मोजावे. वह्यांवर नावे घालू नयेत आणि घराघरांची तुलना करू नये. काही घरी शेवटचे तीन रकाने रिकामेच राहतील. त्या मुलाला ओशाळे वाटता कामा नये. फळ्यावर फक्त साऱ्या वर्गाची बेरीज मांडावी आणि सर्वांत मोठ्या रकान्यावर एकच उपाय ठरवावा. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजावे. मे महिन्यात शाळेला सुटी असते, म्हणून हाच प्रयोग मार्चच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टमध्ये केला, तर ऋतूप्रमाणे रकाने कसे बदलतात हेही दिसेल.

पहिल्या रकान्यातल्या सालींसाठी शाळेच्या आवारात खताचा खड्डा करता येईल. शहराचा कचरा वर्षानुवर्षे भांडेवाडीला जात आला आहे. तेथील ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तेव्हा त्यातून मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. खड्ड्यात हवा खेळती ठेवली, अधूनमधून खालीवर केले, तर त्याच सालींचे खत होते. ते शाळेतल्या झाडांना घालावे आणि दुसऱ्या आठवड्याच्या वह्या पहिल्यांशेजारी ठेवून कोणता रकाना घटला, कोणता नाही आणि का, यावर मुलांनाच बोलू द्यावे.